ऊन आहे, पण दिवस लहान आहे

पत्राचा गोषवारा: पत्र कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो काउंटीतून आलं आहे, समुद्रापासून थोडं आत असलेल्या गावातून. लिहिणाऱ्या बाई पंचेचाळिशीच्या, मूळच्या पुण्याच्या. घर स्वतःचं, मागे कुंपण घातलेलं अंगण, आणि त्यातली भाजीपाल्याची बाग पूर्णपणे त्यांच्या हातची. नवऱ्याला जुनी पाठदुखी आहे, रात्री झोप लागत नाही. राज्याचा कायदा घरी सहा झाडांना परवानगी देतो, मग दुकानातून कशाला आणायचं, असं म्हणून त्याने जानेवारीत बिया रुजवल्या. आता फेब्रुवारी संपत आलाय, गॅरेजमध्ये दिव्याखाली सहा रोपं वीतभर झाली आहेत आणि बाहेर दुपारी २४ अंश तापमान आहे. नवरा म्हणतो, "एवढी ऊब आहे, या शनिवारी बाहेर लावून टाकू." त्याचा उत्तरेकडच्या थंड पोर्टलंडचा मित्र म्हणतो, मेचा मध्य येईपर्यंत थांबा. जूनमध्ये सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येणार आहेत. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी तेलही करता येईल, असं नवऱ्याच्या मनात आहे. बाईंच्या मनात मात्र त्या दोघांपासून हे लपवायचं कसं, ही काळजी आहे. शेवटी जाता जाता त्यांनी लिहिलंय की नवरा नागरिक झालेला आहे, त्यांचं स्वतःचं अजून ग्रीन कार्ड आहे आणि नागरिकत्वाचा अर्ज याच वर्षी भरायचा आहे. विचारलेला प्रश्न एकच: रोपं बाहेर कधी लावायची?

प्रिय मैत्रीण,

या शनिवारी लावू नका. पुढच्याही नको.

कारण सांगते, पण त्याआधी एक निरीक्षण. एवढ्या लांब पत्रात तुम्ही झाडाचं नाव एकदाही लिहिलेलं नाही. "ती रोपं", "ते", "आमचा तो प्रयोग". टोमॅटोबद्दल लिहिताना तुम्ही वाणाचं नावसुद्धा दिलंय! मी इथे सरळ गांजा म्हणणार आहे. नाव न घेता बोललं की प्रश्न फक्त बागकामाचा वाटत राहतो आणि बाकीचं सगळं, म्हणजे नागरिकत्वाचा अर्जही, पत्राच्या शेवटच्या ओळीत जाऊन बसतं. त्या ओळीकडे मी येणार आहेच. पण तुम्ही विचारलेलं आधी.

तुमचा नवरा आणि त्याचा मित्र, दोघंही अर्धे बरोबर आहेत, आणि गंमत म्हणजे दोघांचं चुकलेलं अर्धं एकाच जागी आहे: दोघंही थर्मामीटर बघून बोलताहेत. नवरा म्हणतो ऊब आहे, आणि ती खरंच आहे. मित्र म्हणतो थंडी जाऊ द्या, कारण पोर्टलंडला एप्रिलमध्येही कधी कधी दहिवर गोठतं आणि कोवळी रोपं काळी पडतात. तुमच्याकडे ती भीती जवळजवळ नाही. म्हणजे मित्राचं कारण तुम्हाला लागू नाही, पण त्याने सांगितलेली तारीख तुमच्यासाठी बरीचशी बरोबर आहे, वेगळ्याच कारणासाठी.

गांजा हे लहान दिवसाचं झाड आहे. रात्र पुरेशी लांब झाली की ते वाढ थांबवून फुलोऱ्यावर येतं. दिवस लांब असेपर्यंत पानं आणि फांद्या काढत राहतं. हे तुम्हाला नवीन वाटायचं कारण नाही. पुण्याच्या आसपासचे शेवंती करणारे शेतकरी हेच गणित रोज मांडतात: शेवंतीला लवकर कळी नको असेल तर रात्री शेतात दिवे लावून ठेवतात. रब्बीची ज्वारीही दिवसाच्या लांबीला अशीच बांधलेली असते. गांजाच्या बहुतेक वाणांत ही सीमारेषा साधारण १२ ते १४ तासांच्या उजेडाच्या मधे कुठेतरी असते. नेमकी कुठे, ते वाणावर अवलंबून.

आता तुमच्या अंगणातलं गणित बघा. फेब्रुवारीच्या शेवटी सॅन दिएगोत दिवस साडेअकरा तासांचाही नसतो. २० मार्चच्या सुमाराला १२ तास, मेच्या सुरुवातीला जवळपास साडेतेरा, मेच्या तिसऱ्या आठवड्यात १४ च्या जवळ आणि २१ जूनला सगळ्यात मोठा, १४ तास २० मिनिटांच्या आतबाहेर. गॅरेजमध्ये तुमच्या नवऱ्याने दिवा १८ तास चालू ठेवलाय, असं तुम्ही लिहिलंय. अशा रोपाला उचलून साडेअकरा तासांच्या दिवसात ठेवलं, तर ते समजणार की पावसाळा संपून हेमंत आला. वीतभर उंचीवरच ते फुलायला लागेल. मग एप्रिल उजाडेल, दिवस वाढतील, आणि तेच झाड गोंधळून पुन्हा पानांवर येईल: आधी एकेरी, वेडीवाकडी पानं, मग खुरटलेल्या फांद्या, महिना-दीड महिना वाया. झाड मरत नाही, पण पाणी-खत देऊन तुम्ही फक्त त्याचा गोंधळ निस्तरत बसता. गरम प्रदेशातल्या नव्या लोकांचं हमखास फसतं ते इथेच. थंड देशात बर्फच तुम्हाला थांबवतो. तुमच्याकडे थांबवणारं कुणी नाही, म्हणून ते कॅलेंडर बघून स्वतःच करावं लागतं.

आणखी एक सवय आपल्या अंगात भिनलेली असते, ती म्हणजे पावसाची. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला लागवड म्हटलं की मृग आठवतो. सॅन दिएगोचं सगळं उलटं आहे. तिथे वर्षाला जेमतेम २५ सेंटीमीटर पाऊस, तोही बहुतेक नोव्हेंबर ते मार्चमध्ये. मेमध्ये लावलेलं झाड ऑक्टोबरपर्यंत पूर्णपणे तुमच्या नळाच्या पाण्यावर जगतं. सहा मोठी झाडं म्हणजे ऑगस्टमध्ये रोजचं पाणी, आणि ते पाणी घालणारं माणूस कोण, हा प्रश्न मी मुद्दाम इथे टाकून ठेवते.

मग नेमकं कधी? किनाऱ्यापासून आत असलेल्या तुमच्यासारख्या ठिकाणी मी मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा मध्य म्हणेन. पुस्तकी उत्तर एप्रिलच्या शेवटापासूनचं मिळेल, आणि एप्रिलअखेर लावलेली झाडंही चालतात, फक्त काही वाण तेव्हाच्या तेरा-सव्वातेरा तासांत बिथरतात. पण मला उशीर आवडतो, त्याचं कारण तुमचं कुंपण आहे. एप्रिलमध्ये जमिनीत लावलेलं झाड ऑगस्टपर्यंत सहज दोन-अडीच मीटर होतं. तुमचं कुंपण सहा फुटांचं. राज्याचा नियम सांगतो की झाडं कुलूपबंद जागेत हवीत आणि सार्वजनिक जागेवरून साध्या डोळ्यांना दिसता कामा नयेत. जूनमध्ये कुंडीत लावलेलं झाड कमरे-छातीएवढं राहतं, ऑगस्टच्या मध्याला दिवस साडेतेरा तासांच्या खाली उतरले की फुलायला लागतं आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात काढणीला येतं. लहान झाडाला पाणी कमी, वास कमी, शेजाऱ्यांच्या भुवया कमी. जास्तीत जास्त उत्पन्न हे ज्यांना हवं असतं त्यांच्यासाठी एप्रिल ठीक आहे. तुमच्या घरात एका माणसाची पाठ दुखते आहे, तुम्हाला उत्पन्नाचं काय करायचंय?

खरं तर सहा झाडं हाच आकडा मला खटकला. सहा ही कायद्याने घातलेली कमाल मर्यादा आहे, तीही घरामागे सहा, माणसामागे नव्हे. तेवढी लावलीच पाहिजेत असं कुठे आहे? बाहेर नीट वाढलेलं एकच झाड वाळवून काही शे ग्रॅम देऊ शकतं. आणि घराबाहेर जवळ बाळगायची मर्यादा आहे २८.५ ग्रॅम, त्यापुढचं सगळं घरातच, कुलपात ठेवावं लागतं. सहा झाडांचं पीक म्हणजे तुमच्या घरात एक कुलूपबंद कोठार. झोपेसाठी एक झाडसुद्धा वर्षभर पुरून उरतं.

जानेवारीत रुजवलेली रोपं जूनपर्यंत गॅरेजमध्ये धरून ठेवणं शहाणपणाचं नाही. तोवर त्यांची मुळं कुंडीत गोल फिरून गुंता करतील आणि विजेचं बिल वेगळंच. ज्यांना जूनमध्ये लावायचंय त्यांनी बी एप्रिलच्या अखेरीला रुजवावं. चार-पाच आठवड्यांचं रोप बाहेर न्यायला उत्तम. बाहेर नेण्याआधीचे दोन आठवडे घरातला दिवा १८ तासांवरून हळूहळू पंधरा, मग साडेचौदा तासांवर आणायचा. हे बरेच जण करत नाहीत आणि मग मेमध्ये लावूनही झाड फुललं म्हणून कपाळाला हात लावतात. त्या झाडाच्या दृष्टीने दिवस एका रात्रीत चार तासांनी लहान झालेला असतो.

उन्हाची सवय मिरची-वांग्याच्या रोपांना जशी लावता तशीच: आठ-दहा दिवस, आधी सावलीत, मग सकाळचं कोवळं ऊन, मग दुपारचं, पाणी थोडं तोडायचं. यात तुमच्याकडचं आभाळ मदत करतं. मे-जूनमध्ये समुद्रावरून येणारा जो करडा ढगाळ थर असतो, ज्याला तिथले लोक मे ग्रे आणि जून ग्लूम म्हणून नावं ठेवतात, तो कोवळ्या रोपांसाठी फुकटची शेडनेट आहे. अगदी किनाऱ्यावर राहणाऱ्यांना मात्र तोच ओलावा पुढे महागात पडतो, भुरी येते, आणि शरद ऋतूत दाट कळ्यांना आतून करडी बुरशी लागते. त्यांनी झाडांमध्ये वारा खेळेल एवढं अंतर ठेवावं आणि दाट कणसाच्या वाणांऐवजी सुटसुटीत फुलोऱ्याचे वाण निवडावेत. तुम्हाला आतल्या भागात काळजी ऑगस्ट-सप्टेंबरच्या पस्तीस अंशांपलीकडच्या दुपारची: काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या नकोत, मुळं अक्षरशः शिजतात, कापडी कुंडी, वर पालापाचोळ्याचं आच्छादन, पाणी पहाटे. आणि ऑक्टोबरपासून वाळवंटाकडून येणारे सांता आनाचे कोरडे वारे सुरू होतात, म्हणून फुलोरा सुरू झाल्यापासून आठ-नऊ आठवड्यांत तयार होणारा वाण बरा.

रात्रीचा अंधार खरोखर अंधार असू द्या. शेजाऱ्याचा हालचाल दिसली की पेटणारा दिवा किंवा रस्त्यावरचा खांब झाडावर थेट पडत असेल, तर ऑगस्टमध्ये फुलायचं झाड फुलायचं विसरतं. जागा ठरवताना एकदा रात्री अंगणात उभं राहून बघावं. हाच गुण उलटा वापरणारेही असतात: मार्चमध्येच लावायचा हट्ट असेल तर शेवंतीवाल्यांसारखा मध्यरात्री थोडा वेळ दिवा लावून रात्र तोडतात. पण मग तो दिवा मेपर्यंत रोज, न चुकता. दोन-चार रात्री चुकल्या की झाड गोंधळलंच. घरच्या बागेसाठी मला तो उपद्व्याप वाटतो.

स्वयंफुलोऱ्याचे वाण मिळतात, ज्यांना दिवसाच्या लांबीशी देणंघेणं नसतं, वयावर फुलतात आणि अडीच महिन्यांत आटोपतात. त्यांच्यासाठी तुमच्या नवऱ्याचं "ऊब आहे, लावू" हे गणित चालतं, फक्त त्यांना जागा बदललेली सोसत नाही. बी थेट मोठ्या कुंडीत पेरायचं. तुमच्या बियांच्या पाकिटावर तसं लिहिलेलं नाही, म्हणजे तुमची रोपं त्यातली नाहीत.

बागकाम संपलं. आता ती शेवटची ओळ.

तुम्ही मनाशी असं धरून चाललायत की राज्यात चालतं म्हणजे चालतं. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २०१६ मध्ये प्रस्ताव ६४ मंजूर केला, २१ वर्षांवरच्या प्रौढांना घरी लागवडीची मुभा मिळाली, हे खरं. पण तुमचा ग्रीन कार्डाचा आणि नागरिकत्वाचा कागद राज्याची राजधानी सॅक्रामेंटोच्या हातात नाही, वॉशिंग्टनच्या हातात आहे. आणि केंद्राच्या कायद्यात, म्हणजे १९७० च्या नियंत्रित पदार्थांच्या कायद्यात, घरी गांजा लावणं हा गुन्हा आहे. एप्रिल २०१९ मध्ये नागरिकत्व देणाऱ्या खात्याने स्पष्ट मार्गदर्शन काढलं: राज्यात कायदेशीर असलं तरी गांजाशी संबंधित कृती अर्जदाराच्या "चांगल्या नैतिक वर्तना"च्या अटीच्या आड येऊ शकते. त्यासाठी शिक्षाच झालेली असावी लागते असं नाही. अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुलीसुद्धा पुरू शकते. तीस ग्रॅमपर्यंत स्वतःपुरतं बाळगल्याच्या एका प्रसंगाला कायद्यात सवलत आहे. लागवड त्या सवलतीत बसते असं धरून चालू नका.

अर्जात अंमली पदार्थांबद्दल थेट प्रश्न असतात आणि मुलाखतीत ते शपथेवर विचारले जातात. हो म्हणालात तर वरचा प्रश्न उभा राहतो. नाही म्हणालात तर शपथेवर खोटं बोलल्याचा, जो त्याहून वाईट. म्हणजे जूनमध्ये लावलेलं झाड ऑक्टोबरमध्ये कापून संपलं तरी मुलाखतीच्या टेबलावर ते उभंच असतं. आणि ही वर्तनाची अट अर्ज भरला की सुटत नाही, नागरिकत्वाची शपथ घेईपर्यंत चालू राहते.

तुमच्या बाबतीतला खरा पेच असा की झाडं नवऱ्याची असली तरी बाग तुमची आहे. तुम्हीच लिहिलंय, "त्याला तुळससुद्धा जगवता येत नाही." घरात ज्याला कागदांची भीती नाही त्याला झाडांतलं कळत नाही, आणि जिला कळतं तिने हात लावायचा नाही. ऑगस्टमधलं रोजचं पाणी कोण घालणार, ते आता पुन्हा वाचा. "मी फक्त पाणी घालते" हे वाक्य वकिलाला कसं ऐकू येईल, याचा विचार करा. मी वकील नाही. म्हणूनच माझं पहिलं सांगणं हे की इमिग्रेशनचं काम करणाऱ्या वकिलाकडे एक तास बसा, आणि नवऱ्यालाही न्या. त्यांना हेही विचारा की गॅरेजमधल्या रोपांना तुम्ही आजवर जे काही केलंय त्याचं काय. ते विचारून होईपर्यंत अर्ज भरू नका, आणि रोपांचे फोटो कुणाला पाठवू नका. विमानतळावर अधिकारी फोन बघू शकतात.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर यंदा एकही झाड नको. घरात तुमची शपथ होईपर्यंत नाही. पाठदुखी खरी आहे, मी ती हलक्यात घेत नाही. पण त्यासाठी अंगणच लागतं असं नाही. नवऱ्याने आधी हे डॉक्टरांशी बोलावं. तुमच्या पत्रात फिजिओथेरपीचा किंवा झोपेच्या तपासणीचा उल्लेखही नाही, याचं मला नवल वाटलं. त्यानंतरही त्याला हवंच असेल तर परवानाधारक दुकानातला माल प्रयोगशाळेत तपासलेला असतो आणि त्यावर मात्रा लिहिलेली असते. घरच्या झाडात किती काय आहे हे कुणालाच माहीत नसतं. पाठीसाठी घ्यायचं आणि मात्रा अंदाजाने घ्यायची, हे तो स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळीबाबत करेल का? केंद्राच्या कायद्याची सावली दुकानातल्या वस्तूवरही आहेच. पण तिथे घेणारा, ठेवणारा आणि वापरणारा एकच माणूस असतो, आणि तो नागरिक आहे. ती त्याच्या कपाटात, त्याच्या कुलपात. तेही वकिलाला विचारून.

ज्यांच्या घरी कागदांचा प्रश्न नाही त्यांनीही लावण्याआधी दोन ठिकाणी विचारावं. राज्य घराच्या आत लावू देतं, पण उघड्यावर लावायला शहर किंवा काउंटी मनाई करू शकते, आणि दक्षिण कॅलिफोर्नियात अशा जागा कमी नाहीत. भाड्याच्या घरात घरमालक नाही म्हणू शकतो. सोसायटीवजा वसाहत असेल तर तिचे नियम आणखी वेगळे. आणि काढलेला माल गाडीत टाकून लॉस एंजेलिसच्या मित्राकडे नेऊ नये. सॅन क्लेमेंटेजवळ आणि टेमेक्युलाजवळ महामार्गावर सीमा गस्तीचे नाके आहेत. तिथे उभे असतात ते केंद्राचे लोक.

राहिले सासू-सासरे. लपवणं जमणार नाही, हे आधी कबूल करा. सप्टेंबरमध्ये फुलोऱ्यावर आलेल्या गांजाचा वास तीन घरं सोडून जातो. सहा महिने घरात राहणाऱ्या, सकाळी अंगणात फेऱ्या मारणाऱ्या सासऱ्यांना तो येणार नाही? आणि तुम्ही समजता तेवढे ते हादरतील असंही मला वाटत नाही. त्या पिढीने महाशिवरात्रीला भांग घोटली जाताना पाहिलेली असते, गावच्या मठात चिलीम पाहिलेली असते. त्यांना धक्का बसेल तो मुलाने लपवलं याचा. म्हणून झाडं असोत वा नसोत, पाठदुखीसाठी तो काय घेतो हे त्यांना सांगायचं असेल तर ते मुलाने सांगायचं, तिकीट काढायच्या आधी, फोनवर. सुनेने नाही. आपल्याकडे अशा बातम्या कोण जाणे कशा सुनेच्या तोंडी येतात आणि मग वर्षानुवर्षं तिच्याच खात्यावर राहतात.

गुडघ्यांच्या तेलाचं डोक्यातून काढून टाका. सासूबाई पर्यटक व्हिसावर येणार. पुढच्या वेळी विमानतळावर कुणी विचारलं तर त्या बिचाऱ्या खरं सांगतील आणि तिथूनच परत जावं लागू शकतं. त्यांना कौतुकाने झाडांना पाणी घालायला लावणं हाही त्याच जातीचा धोका. शिवाय त्या वयात रक्त पातळ करणारी किंवा इतर औषधं चालू असतात, त्यांच्याशी अशा तेलांचं जमेलच असं नाही. आणि ती बाटली चुकून परतीच्या बॅगेत गेली तर पुढे मुंबईचा विमानतळ आहे आणि १९८५ चा अंमली पदार्थांचा कायदा आहे.

त्याच कायद्यावरून, हे सदर महाराष्ट्रात वाचणाऱ्यांसाठी एक वाक्य: वरचं दिवसाचं गणित तुमच्या गच्चीवर करून बघायचं नाही. आपल्याकडे विनापरवाना गांजाच्या लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, एक झाड असो की शेतभर. उत्तराखंडने २०१८ मध्ये धाग्यासाठीच्या हेम्पला, म्हणजे गांजाच्याच जातीच्या झाडाला, परवाने द्यायला सुरुवात केली, त्यात नशेचा अंश ०.३ टक्क्याच्या आत लागतो. ती वेगळी गोष्ट आहे आणि वेगळ्या राज्याची आहे.

नवऱ्याशी बोलताना सुरुवात कायद्यापासून करू नका. ग्रीन कार्डाचं ओझं ज्याच्या डोक्यावरून उतरलंय, त्याला ते किती जड होतं हे लवकर विसरायला होतं, आणि मग तुमची भीती त्याला कटकट वाटते. त्याला एवढंच विचारा की माझी मुलाखत कोणत्या महिन्यात असेल असं तुला वाटतं, आणि त्या महिन्यात अंगणात काय उभं असेल. उत्तर त्यालाच काढू द्या. गॅरेजमधली रोपं त्यानेच काढावीत, त्यानेच कंपोस्टमध्ये टाकावीत. रुजवलीही त्यानेच होती. त्याला वाईट वाटेल, वाटू दे. पुढच्या वर्षी किंवा त्याच्या पुढच्या वर्षी, तुमच्या हातात नवा पासपोर्ट असताना, एप्रिलअखेर एक बी रुजवून जूनमध्ये लावायला तुमच्या कागदांची आडकाठी नसेल, शहराचा नियम तेवढा बघून घ्या.

आणि तो वाफा यंदा रिकामा ठेवू नका, नाहीतर मेमध्ये त्याला पुन्हा आठवण होईल. भेंडी, गवार लावा, दोन्हींना तुमचं ऊन मानवतं. अंबाडी तर नक्की लावा. तीही लहान दिवसाचीच, म्हणजे मेमध्ये पेरलीत तर दिवस उतरेपर्यंत पानंच देत राहील, आणि सासूबाई येतील तेव्हा लसणाच्या फोडणीची भाजी नि ज्वारीची भाकरी होईल. फक्त शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. अंबाडीचं पान दिसायला अगदी गांजासारखं असतं.